केरळची सद्या जेवायची कशी?

सद्या म्हणजे ‘हल्ली’ नव्हे. मल्याळममध्ये सद्या म्हणजे मेजवानी. केळीच्या पानावर वाढलेली, बहुतेक ठिकाणी पूर्ण शाकाहारी, वीस ते अठ्ठावीस पदार्थांची आणि हातानंच जेवायची.

पहिल्यांदा मी त्रिशूरजवळ एका लग्नात सद्या जेवलो तेव्हा सगळं चुकलो. पानाच्या डाव्या कोपऱ्यात केळ्याचे वेफर्स आणि गुळात घोळवलेले तुकडे दिसले, ते भात यायच्या आत फस्त केले. मग सांबारभात तीनदा घेतला, कारण ओळखीचा तेवढाच होता. अडप्रधमन, म्हणजे गुळाची खीर, आली तेव्हा पोटात घोटभरही जागा उरली नव्हती. पुरणपोळीच्या जेवणात कोणी आमटीभातावरच हात धुऊन उठलं तर आपण त्याच्याकडे जसं बघू, तसं शेजारचे आजोबा माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर बऱ्याच सद्या जेवलो आणि एक गोष्ट कळली. सद्या म्हणजे एकाच भाताच्या चार-पाच फेऱ्या. दर फेरीला भातावरचं पातळ बदलतं, आणि पानाच्या वरच्या भागातले सगळे पदार्थ त्या त्या फेरीला तोंडी लावायला असतात. एवढं डोक्यात बसलं की पंचवीस पदार्थांचा धसका जातो. पुढचं सगळं याच हिशेबानं सांगतो.

कधी आणि कुठे

सद्येचा मोठा दिवस म्हणजे ओणममधला तिरुवोणम. मल्याळी चिंगम महिन्यात, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य या काळात तो येतो. बहुतेकदा आपल्या गणपतीच्या आगेमागे. ‘काणम विट्टुम ओणम उण्णणम’ अशी तिकडे म्हण आहे: जमिनीवरचा हक्क विकावा लागला तरी ओणमचं जेवण जेवायचंच. आपल्या ‘ऋण काढून सण’मध्ये थोडा टोमणा असतो, यांच्या म्हणीत तो अजिबात नाही.

पण ऐन तिरुवोणमला तिकडे जाऊन हॉटेल शोधू नका. त्या दिवशी लोक घरी जेवतात; जी हॉटेलं उघडी असतात तिथे सद्येचं बुकिंग बरंच आधी झालेलं असतं. तिरुवोणमच्या आधीच्या आठवड्यात जा. एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषूलाही (मल्याळी नववर्षाचा सण) सद्या असते आणि लग्नांत तर वर्षभर. मुंबई, नवी मुंबई, पुण्यातले मल्याळी समाज ओणमच्या सुमारास सद्या ठेवतात. कूपन काढून कोणालाही जेवता येईल अशाही असतात. ऑफिसात कोणी मल्याळी सहकारी असेल तर जुलैअखेरीपासूनच त्याच्याशी जरा गोड बोलायला लागा.

थेट सद्येवर बसण्याआधी एक रंगीत तालीम करता येते. केरळात रस्त्याकडेला ‘ऊण तय्यार’ अशा पाट्या दिसतात. ऊण म्हणजे जेवण, आणि तय्यार म्हणजे आपलं तयारच. तिथे रोजचं साधं जेवण मिळतं: भात, सांबार, एखादं तोरन (खोबरं घातलेली कोरडी भाजी), लोणचं, पप्पडम, ताक. भाताचा दाणा, खोबरेलाचा वास, वाढप्याचा वेग, सगळ्याची सवय तिथे होते. दोन दिवस ऊण जेवा, तिसऱ्या दिवशी सद्या.

आधी जीभ तयार करा

घाटावरच्या माणसाची पहिली अडचण असते खोबरेल तेल. आपल्या डोक्यात ते केसांचं. कोकण-गोव्याकडच्यांना त्याचं काही वाटणार नाही, पण पुण्या-नगरकडचा माणूस पहिल्या घासाला थबकतो. म्हणून आठवडाभर आधी घरी एकदा ओलन करून बघा. सद्येतला हा सर्वांत सौम्य पदार्थ, आणि यात खोबरेल लपत नाही.

पाव किलो कोहळ्याच्या पातळ चौकोनी फोडी घ्या. अर्धी वाटी लाल चवळी रात्रभर भिजवून, शिजवून ठेवा. दाणा मऊ हवा पण फुटायला नको. नारळाचं घट्ट दूध एक वाटी आणि त्याच चोथ्याचं पातळ दूध दीड वाटी काढा. पातळ दुधात कोहळा, मीठ आणि उभ्या चिरलेल्या चार हिरव्या मिरच्या घालून फोडी पारदर्शक होईपर्यंत शिजवा. चवळी घाला, दोन मिनिटांनी आच मंद करून घट्ट दूध ओता. आता उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर दूध फाटेल. गॅस बंद केल्यावर दोन चमचे कच्चं खोबरेल (खाण्याचं, घाण्याचं मिळालं तर उत्तम) आणि कढीपत्त्याची दहा-बारा पानं टाकून दहा मिनिटं झाकून ठेवा.

फोडणी नाही. हळद नाही. आपला हात मोहरीच्या डब्याकडे जातोच, तो आवरा. चव आहे ती शेवटच्या कच्च्या तेलाची आणि वाफेत मऊ झालेल्या कढीपत्त्याची. हे आवडलं तर सद्या आवडणार. नाही आवडलं तर दोन दिवसांनी पुन्हा करा. मला तरी दुसऱ्या खेपेलाच आवडलं.

पान वाचा

केरळात जेवणाच्या पंगतीला ‘पंती’ म्हणतात. कानाला परका वाटणार नाही, दोन्ही शब्द ‘पंक्ती’चेच. लग्नात पहिल्या पंतीत जागा मिळाली तर उत्तम, कारण नंतरच्या पंतीत तुम्ही जेवत असताना पुढचे लोक तुमच्या खुर्चीमागे उभे असतात. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण आटपतं. निवांत चव घ्यायची असेल तर लग्नापेक्षा हॉटेल किंवा कोणाचं तरी घर बरं.

पान आडवं मांडतात, शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मधली शीर म्हणजे शेताचा बांध समजा. बांधापलीकडे तोंडी लावणं, अलीकडे भात. वाढायला डावीकडून सुरुवात होते आणि भात यायच्या आत वरचा भाग भरून जातो. आपल्या पानात मिठाच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी असते ना, तसाच इथेही साधारण नियम आहे: डावीकडे थोड्या प्रमाणातलं आणि झणझणीत, उजवीकडे जास्त प्रमाणातलं आणि सौम्य.

अगदी डावीकडे कोरडा खाऊ: नेंद्रन केळ्याचे खोबरेलात तळलेले काप (उप्पेरी) आणि गुळ-सुंठीत घोळवलेले जाड तुकडे (शर्करवरट्टी). नेंद्रन आपल्या राजेळीच्या जातकुळीतलं. हे आधी संपवायचे नाहीत. माझी चूक सांगून झालीच आहे.

त्याशेजारी लोणची, बहुतेक कैरी आणि लिंबाच्या जातीतलं नारंगा, आणि इंजीपुळी. इंजीपुळीकडे नीट लक्ष द्या. आलं बारीक चिरून तळायचं, मग चिंचेच्या कोळात गूळ, मिरची घालून आटवायचं. आंबट, गोड, तिखट आणि आल्याचा जाळ, सगळं एका चाटणात. एकटी इंजीपुळी 108 पदार्थांच्या तोडीची अशी एक लोककथा तिकडे सांगतात. मी तिचा उपयोग जीभ धुण्यासाठी करतो: एक फेरी संपली की बोटाच्या टोकाएवढी, मग पुढची फेरी.

मग पच्चडी आणि किच्चडी. ही आपली खिचडी नव्हे. दोन्ही दह्यातल्या, वाटलेलं खोबरं आणि कच्ची मोहरी घातलेल्या. किच्चडी काकडीची किंवा बीटाची. पच्चडी पुष्कळदा अननसाची, गोडसर. मोहरी नाकात चढते, आपल्या मोहरी फेसलेल्या लोणच्याची आठवण करून देते.

उजवीकडे सरकलं की भाज्या. तोरन म्हणजे कोबी किंवा फरसबीची ओलं खोबरं घातलेली कोरडी भाजी. कोकणातल्या कोणाही माणसाला ओळखीची. मेळुक्कुपुरट्टी तेलावर परतलेली. ओलन तुम्ही घरी केलंच आहे. एरिशेरीत लाल भोपळा आणि चवळी, वर खरपूस भाजलेलं खोबरं. कूट्टुकरीत काळे चणे, सुरण, कच्चं केळं, मिरी, किंचित गोड. काळनमध्ये सुरण आणि कच्चं केळं आंबट दह्यात आटवलेलं. याला कढी समजू नका. चांगलं काळन पानावर ओघळत नाही, जिथे वाढलं तिथेच बसतं.

आणि अवियल. शेवगा, सुरण, कच्चं केळं, कोहळा, गाजर, पडवळ (मल्याळममध्येही पडवलंगा), सगळ्याचे बोटभर लांब तुकडे, जिऱ्या-मिरचीबरोबर जाडसर वाटलेल्या खोबऱ्यात. आंबटपणा दह्याचा किंवा कैरीचा, गावाप्रमाणे बदलतो. बल्लवाच्या वेषातल्या भीमानं मिळतील त्या भाज्या एकत्र करून हे केलं, अशी गोष्ट सांगतात. स्वयंपाकी कसा आहे हे मी अवियलवरून ओळखतो: प्रत्येक भाजी वेगळी लागली पाहिजे आणि एकही फोड मोडलेली नको. मोडली असेल तर ढवळाढवळ फार झाली.

भाताच्या फेऱ्या

भात उकड्या तांदळाचा, जाड, लालसर पट्ट्यांचा. याला मट्टा म्हणतात. पालक्काडच्या मट्ट्याला भौगोलिक मानांकन आहे. कोकणात उकड्या तांदळाची पेज प्यायलेल्यांना तो आवडेल, बासमतीवाल्यांना पहिले दोन घास जड जातील. वाढप्याला ‘कुरच्चु’ म्हणायला शिका, म्हणजे थोडंसं. ‘मति’ म्हणजे पुरे, ‘वेण्डा’ म्हणजे नको. या तीन शब्दांवर सगळं जेवण निभावतं. ‘मति’ मात्र भात पानावर पडायला लागताच म्हणा, पडून झाल्यावर म्हणून उपयोग नाही.

पहिली फेरी परिप्पु आणि तूप. परिप्पु म्हणजे भाजलेल्या मूगडाळीचं घट्ट वरण. आपणही वरणभात-तुपानंच सुरुवात करतो, त्यामुळे इथे काही शिकायचं नाही. फक्त पप्पडमचा अर्धा तुकडा भातावर चुरा. केरळी पप्पडम उडदाचा, लहान, फुगलेला असतो आणि तो चुरूनच खायचा. या फेरीला तोंडी लावायला अवियल आणि तोरन. घास चार, पाचवा नको.

दुसरी फेरी सांबार. उत्तरेकडे आणि मध्य केरळात भाजलेलं खोबरं वाटून घातलेलं सांबार मिळतं, दाट आणि तपकिरी. तमिळ हॉटेलातल्या इडली-सांबाराशी त्याची तुलना करू नका. भाताचं आळं करून त्यात घ्या. बरोबर एरिशेरी, कूट्टुकरी आणि कैरीचं लोणचं. सगळ्यांत जास्त भात याच फेरीत पोटात जातो, म्हणून इथेच सावध राहायचं. सहा घासांवर थांबा. वाढपी पुन्हा येईल, आग्रह करेल. ‘वेण्डा’ हसत म्हणा आणि पानावर हात आडवा धरा. ही खूण आपल्याकडे आणि तिकडे सारखीच.

तिसऱ्या फेरीला काही ठिकाणी पुळिशेरी येते, म्हणजे दही-खोबऱ्याचं पातळ, कोहळा किंवा पिकलेला आंबा घातलेलं. आंब्याची असेल तर बाकी सगळं सोडून ती घ्या. काळन हा तिचा घट्ट भाऊ. कोरड्या भातात कालवून दोन घास खाऊन बघा, मिरीचा तिखटपणा मागून येतो.

रसम आणि ताक (मोरु) पुष्कळ ठिकाणी पायसमनंतर येतात. गोडानंतर पुन्हा भात आणि रसम? पहिल्यांदा मलाही विचित्र वाटलं. पण दोन वाट्या गुळाच्या पायसमनंतर मिरी-चिंचेचं रसम पोटात गेलं की जेवण हलकं होतं. क्रम गावागणिक थोडा बदलतो. शंका आली तर शेजारच्याच्या पानाकडे बघा.

पाणी गुलाबी किंवा लालसर आणि कोमट असेल. घाबरू नका. पतंग नावाच्या झाडाचं लाकूड (पतिमुगम) घालून ते उकळलेलं असतं.

पायसम

दोन, कधी तीन पायसम येतात आणि साधा नियम असा: आधी गुळाचं, मग दुधाचं. गुळाच्या पायसमला प्रधमन म्हणतात. अडप्रधमनमध्ये ‘अडा’ असते, म्हणजे तांदळाचं सरबरीत पीठ केळीच्या पानावर पसरून, वाफवून केलेले चपटे तुकडे. ते गुळात परतून नारळाच्या दुधात शिजवतात: आधी तिसरं, पातळ दूध, मग दुसरं आणि गॅस बंद करता करता पहिलं, घट्ट. वर तुपात तळलेले खोबऱ्याचे काप. ज्यांच्या घरी नारळाच्या रसातलं शिरवाळं होतं त्यांना हे पायसम समजावून सांगावं लागणार नाही.

जुन्या पद्धतीत पायसम थेट पानावर ओततात आणि हातानं खातात. नवख्याच्या पानावरून ते थेट मांडीवर येतं. उपाय असा: पिकलेलं छोटं केळं पानावर कुस्करा, त्यावर राखून ठेवलेला पप्पडमचा अर्धा भाग चुरा आणि त्यातच पायसम घ्या. केळं आणि पप्पडम रस धरून ठेवतात. चवीलाही हेच बरोबर; गोडात खारट कुरकुरीतपणा येतो. लहान ग्लासात घ्यायला कोणी नाही म्हणत नाही, पण मग हा खेळ हुकतो.

दोन पायसमांच्या मध्ये नारंग्याचं लोणचं बोटाला लावून चाटा. दुसऱ्याचा पहिला घोट मग नव्यानं लागतो.

तिरुवनंतपुरमच्या बाजूला पालपायसमबरोबर ‘बोली’ वाढतात. पातळ, पिवळी, आत हरभऱ्याच्या डाळीचं गोड पुरण. हो, आपली पुरणपोळीच म्हणायची, फक्त दुधातुपाऐवजी तांदळाच्या खिरीत बुडवून खायची. होळीला घरी करून बघा, पण घरातल्या ज्येष्ठ मंडळींना आधी कल्पना द्या.

पायसमचं वेड असेल तर अलप्पुळा जिल्ह्यातल्या अंबलप्पुळा श्रीकृष्ण मंदिराचं पालपायसम चुकवू नका. दूध, तांदूळ, साखर, बाकी काही नाही. फक्त आटवण्याची कमाल, रंग फिका गुलाबीसर. त्यामागची दंतकथा बुद्धिबळाची आहे. राजा साधूच्या वेषातल्या कृष्णाशी हरला आणि पटाच्या 64 घरांत दर घराला दुप्पट तांदूळ देणं त्याच्या अंगावर आलं. ते ऋण पायसम वाटून अजून फेडलं जातंय म्हणतात.

जिल्हा बदलला की

पारंपरिक सद्येत कांदा-लसूण टाळतात, आता सांबारात कांदा सापडतोही. पण ‘सद्या म्हणजे शुद्ध शाकाहारीच’ असं गृहीत धरून कण्णूर-कोळिकोडकडे जाऊ नका. तिथे ओणमच्या किंवा लग्नाच्या पानावर मासा किंवा कोंबडीही येते. शाकाहारी असाल तर आधी विचारा. मांसाहारी असाल तर भाग्यवान.

सर्वांत मोठं पान बघायचं असेल तर पथनमथिट्टा जिल्ह्यात पंपा नदीकाठी आरन्मुळा. तिथल्या पार्थसारथी मंदिरात पळ्ळियोडम नावाच्या लांब सर्पनौकांच्या नावाड्यांना ‘वळ्ळसद्या’ वाढतात. 64 पदार्थांचा आकडा सांगितला जातो, आणि त्यातले काही पदार्थ नावाडी चक्क गाऊन मागतात. गाण्यात नाव आलं की वाढपी तो पदार्थ घेऊन धावतो. हे कोणा भक्ताच्या नवसाचं जेवण असतं, त्यामुळे आत शिरायला ओळख किंवा आमंत्रण लागतं. नुसतं उभं राहून ऐकलं तरी चालतं.

उठण्याआधी

पान मिटायचं ते वरची बाजू आपल्याकडे घेऊन. म्हणजे जेवण आवडलं, पुन्हा येऊ. वरची बाजू तशीच ठेवून खालची पलीकडे मिटणं दुःखाच्या जेवणातलं. यजमानांच्या घरी लग्न असताना ते केलंत तर गप्पा क्षणभर थांबतील. काही सुचेनासं झालं तर समोरचा काय करतोय ते बघा.

पंतीतले सगळे उठेपर्यंत बसून राहणं शिष्टाचाराचं. वेफर्स उरले असतील तर आता खिशात टाका, सगळेच टाकतात. मधुमेह असेल तर दोन पायसमांतलं एकच निवडा, माझं मत अडप्रधमनला. परतीची गाडी दुपारी चारच्या आतली काढू नका, आणि रात्रीचं जेवण कोणाकडे ठरवलं असेल तर फोन करून दुसऱ्या दिवशीवर ढकला.